जंगलातल्या तलावाकाठी मुक्काम: नागपूरकरांनी जागा कशी निवडावी आणि सहलीची आखणी कशी करावी

नागपूरहून दोन-तीन तासांत पोहोचता येईल असे, जंगलाला लागून असलेले तलाव सर्व दिशांना आहेत. उत्तरेला रामटेकजवळचा खिंडसी आणि पेंचचा तोतलाडोह, नैर्ऋत्येला वर्धा जिल्ह्यातील बोर, दक्षिणेला नागभीडजवळचा घोडाझरी आणि पूर्वेला भंडारा-गोंदिया हा तर तलावांचाच मुलूख. एवढे वैभव दाराशी असताना मुक्कामाची जागा मात्र बहुतेक वेळा छायाचित्र पाहून ठरवली जाते, आणि ते मला फार धोक्याचे वाटते. तलाव किती सुंदर आहे हा प्रश्न शेवटी विचारावा. पहिला प्रश्न, ती जमीन कोणाच्या ताब्यात आहे. दुसरा, आपण जाणार त्या महिन्यात त्या काठावर काय चाललेले असते. या दोन प्रश्नांची उत्तरे नागपुरात बसूनच मिळवता येतात, आणि ती मिळाली की बाकीची आखणी फारशी अवघड राहत नाही.

जमीन कोणाची?

पेंच, ताडोबा-अंधारी, बोर आणि नवेगाव-नागझिरा या विदर्भातील व्याघ्रप्रकल्पांचे गाभा क्षेत्र, तसेच उमरेड-पवनी-कऱ्हांडला आणि घोडाझरी ही अभयारण्ये यांच्या हद्दीत परवानगीशिवाय प्रवेशच करता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 27 मध्ये तसे बंधन आहे आणि कलम 30 अभयारण्यात आग लावण्यास मनाई करते. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलालाही भारतीय वन अधिनियम, 1927 चे कलम 26 लागू असते, म्हणून तिथेही मनाला येईल तिथे तंबू उभारणे किंवा चूल पेटवणे हा गुन्हा ठरू शकतो. धरणाच्या काठची मोकळी जमीन अनेक ठिकाणी पाटबंधारे विभागाची असते, आणि तिथे फलक दिसला नाही म्हणजे ती जागा मोकळी आहे, असा अर्थ काढू नये.

मग नागपूरकराला तलावाकाठी रात्र काढायची झाल्यास मार्ग कोणते उरतात? वनविभागाची पर्यटन संकुले हा पहिला मार्ग. ती बहुधा प्रवेशद्वाराजवळ किंवा बफर क्षेत्रात, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, असतात आणि त्यांचे आरक्षण अधिकृत संकेतस्थळावरून होते. दुसरा मार्ग महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवासांचा, उदाहरणार्थ गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा तलावाकाठचे निवास. तिसरा मार्ग बफरमधील गावांचा आहे. तिथल्या घरगुती निवासाच्या अंगणात, किंवा ग्रामपंचायतीच्या अथवा जमीनमालकाच्या लेखी संमतीने गावालगत तंबू लावता येतो. मला स्वतःला हा तिसरा मार्ग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण रात्री काही अडचण आली तर हाक ऐकायला माणूस असतो आणि आपण दिलेले पैसे त्याच गावात राहतात. खासगी कॅम्पसाइटही आता बऱ्याच निघाल्या आहेत, त्यांतल्या काही चांगल्या आहेत. मात्र फोनवर चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: जमीन शेतीची आहे की वनाची, रात्रभर राखणदार जागा असतो का, तंबू पाण्यापासून किती दूर लावतात आणि परवानगीचा कागद दाखवता येईल का. ‘इथं कोणी काही म्हणत नाही’ असे उत्तर आले, तर ती जागा यादीतून काढून टाकावी.

गावच्या तलावावर आणखी एका हक्काचे भान ठेवावे लागते. मासेमारीचा ठेका बहुधा ढिवर समाजाच्या सहकारी संस्थेकडे असतो, काही तलावांत शिंगाड्याची लागवडही असते आणि पाण्यात जाळी लावलेली असतात. संध्याकाळी काठावर पोहोचल्यावर संस्थेच्या माणसाला भेटून आपण कोण, किती जण आणि कुठे थांबणार हे सांगावे. ते सौजन्याचे तर आहेच, शिवाय तलावाचा तळ कुठे खोल आहे आणि कुठे गाळ आहे याची माहिती त्याच्याइतकी दुसऱ्या कोणालाही नसते.

तलावाची जात ओळखावी

पूर्व विदर्भात दोन प्रकारचे तलाव आहेत आणि त्यांचे काठ वेगळ्या तऱ्हेने वागतात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यातील जुने तलाव भातशेतीसाठी बांधलेले आहेत. त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचे कौशल्य मोठे. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, 1950 च्या कायद्याने संपली आणि हे तलाव शासनाकडे आले, तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे बोलीभाषेत ‘मामा’ तलाव म्हणतात. अशा तलावाची रचना एकदा समजली की जागा निवडणे सोपे जाते. एका बाजूला मातीची पाळ असते, तिच्या खाली धानाची बांधी, आणि पाळीच्या समोरच्या बाजूला उथळ होत जाणारे तलावाचे पोट, ज्यात जंगलातील ओढे-नाले येऊन मिळतात. पोटाकडचा काठ सर्वांत रम्य दिसतो, म्हणून नवखा माणूस तिथेच तंबू लावू पाहतो. पण रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाटही तीच असते. पाळीखालची जमीन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओली असते आणि प्रत्यक्ष पाळीवर मुक्काम करणे गावाच्या आणि पाळीच्याही दृष्टीने योग्य नाही. म्हणून पाळ जिथे गावाकडच्या टेकाडाला टेकते, तिथला मुरमाड उंचवटा निवडावा. पाणी दिसते, जमीन निचऱ्याची असते आणि जनावरांचा मार्ग अडत नाही.

खिंडसी, बोर, इटियाडोह, तोतलाडोह हे धरणांचे जलाशय आहेत. इथे पाण्याची पातळी शेती, वीज आणि शहराच्या पाणीपुरवठ्यानुसार खालीवर होते. नागपूरला ज्या जलाशयातून पिण्याचे पाणी मिळते त्या नवेगाव खैरीत वरच्या तोतलाडोहातून सोडलेले पाणी येते. वरच्या धरणातून पाणी सुटले की खालच्या जलाशयाची पातळी कोरड्या दिवसांतही वाढू शकते, त्यामुळे पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली सपाट, हिरवळलेली जमीन कितीही मोहक वाटली तरी तिथे झोपू नये. काडीकचरा आणि वाळलेल्या शेवाळाची रेघ काठावर जिथे दिसते तिथवर पाणी येऊन गेलेले असते. त्या रेघेच्या बऱ्याच वर तंबू असावा. एरवीही पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर अंतर राखावे, कारण थंड हवा रात्री खोलगट भागात साचते, दंव तिथेच जास्त पडते आणि डासही तिथेच असतात.

कोणासाठी कोणता तलाव

लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील आणि ही पहिलीच वेळ असेल, तर खिंडसी बरा. शहरापासून सुमारे 50 किलोमीटर, नौकाविहाराची सोय, आणि रामटेकसारखे मोठे गाव शेजारी असल्यामुळे दवाखाना जवळ. शांततेची अपेक्षा मात्र तिथे, विशेषतः शनिवार-रविवारी, ठेवू नये. बोर हा क्षेत्रफळाने लहान व्याघ्रप्रकल्प असून त्याला तो दर्जा 2014 मध्ये मिळाला. एका रात्रीच्या सहलीसाठी तो उत्तम.

आकाश पाहणाऱ्यांनी पेंचची निवड करावी. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली आहे. सिल्लारी किंवा कोलितमारा परिसरातील मुक्काम अमावास्येच्या आसपास ठरवावा. 13-14 डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव अमावास्येजवळ आला, तर ती रात्र अजिबात सोडू नये. त्या वेळी पांढऱ्या विजेरीऐवजी लाल कागद लावलेली विजेरी वापरावी, डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात.

पक्ष्यांसाठी नवेगावबांधला तोड नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील हा तलाव टेकड्यांनी वेढलेला असून हिवाळ्यात तिथे स्थलांतरित बदकांचे थवे उतरतात. नागपूरहून हे अंतर सव्वाशे किलोमीटरहून अधिक भरते, म्हणून निदान दोन रात्री हाताशी असाव्यात. वेळ असल्यास जवळचा इटियाडोह आणि गोठणगावची तिबेटी वसाहतही पाहता येते. नागझिऱ्याच्या उत्तरेकडील चोरखमारा आणि बोदलकसा हे तलाव त्या मानाने कमी गजबजलेले आहेत, आणि माझी निवड विचाराल तर नोव्हेंबरच्या मध्यातला आठवड्याच्या मधला दिवस आणि बोदलकसा, हीच राहील.

घोडाझरीबद्दल मात्र स्पष्ट सांगणे भाग आहे. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या भागात वाघ संरक्षित क्षेत्राबाहेर, शेतशिवारात आणि गावांच्या कडेने मोठ्या संख्येने वावरतात आणि माणसांवरील हल्ल्यांच्या घटना तिथे वारंवार घडल्या आहेत. तलाव अप्रतिम आहे, दिवसा अवश्य पाहावा, पण त्या पट्ट्यात कापडी तंबूत उघड्यावर झोपू नये. पक्की खोली मिळत असेल तरच रात्र काढावी.

महिना आणि तारीख

व्याघ्रप्रकल्पांचे गाभा क्षेत्र साधारणपणे 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असते. ऑक्टोबरात तलाव काठोकाठ भरलेले असतात, पण गवत दाट असते आणि गोचीड, माश्या, साप यांचा वावर अधिक असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ तंबूसाठी सर्वांत चांगला. थंडीला मात्र कमी लेखू नये. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता, आणि जंगलातल्या पाणथळ जागी शहरापेक्षा गारठा अधिकच असतो. थंडी खालून, जमिनीकडून लागते, म्हणून वर दोन दुलया घेण्यापेक्षा अंगाखाली जाड फोमची चटई आणि सतरंजी असणे अधिक उपयोगाचे.

15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनविभागाच्या दृष्टीने आगीचा हंगाम. सागाची पाने गळून जमिनीवर थर साचलेला असतो आणि एक ठिणगी पुरते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला पहाटेपासून माणसे जंगलात असतात, त्याच फुलांसाठी अस्वलेही येतात, म्हणून त्या दिवसांत मोहाच्या झाडाखाली थांबणे कटाक्षाने टाळावे. हिवाळ्यात हीच काळजी बोरीच्या जाळ्यांजवळ घ्यावी. उन्हाळ्यात जंगलातील रात्र अनुभवायचीच असेल, तर वनविभाग बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवरील मचाणांवर नागरिकांसाठी ‘निसर्गानुभव’ उपक्रम घेतो. त्यासाठी वेळेवर नाव नोंदवावे, कारण जागा मर्यादित असतात.

31 डिसेंबर आणि जोडून आलेल्या सुट्ट्या शक्यतो टाळाव्यात. त्या रात्री काठावर वाजणारे ध्वनिक्षेपक पाहुण्या पक्ष्यांना तलाव सोडायला लावतात, आणि दारू पिऊन पाण्यात उतरण्याचे प्रकारही त्याच रात्री होतात.

निघण्याचा दिवस

डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. तंबू उभारणे, पाणी भरणे आणि परिसर फिरून पाहणे हे सारे उजेडात व्हायला हवे, म्हणून दुपारी तीनपर्यंत जागेवर पोहोचावे आणि त्या हिशेबाने पूर्वेकडील तलावांसाठी नागपूर सकाळी नऊच्या आत सोडावे. साकोलीच्या पुढचा राष्ट्रीय महामार्ग नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधून जातो आणि रात्री वन्यप्राणी तो ओलांडतात, हेही अंधारात गाडी न चालवण्याचे मोठे कारण आहे. आरक्षणाच्या पावत्या आणि सर्वांची मूळ ओळखपत्रे कागदावर जवळ ठेवावीत, कारण जंगलात मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. नकाशाही फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा. प्रकल्पाचा आठवड्याचा बंद दिवस कोणता, हे आरक्षणाच्या वेळीच पाहावे.

घरी राहणाऱ्या एका जबाबदार माणसाला मुक्कामाचे ठिकाण, गावातील संपर्क आणि परतीची वेळ लिहून द्यावी. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि वनविभागाच्या मदतीसाठी 1926 हे क्रमांक सर्वांना माहीत असावेत, आणि रामटेक, साकोली, सेलू यांपैकी आपल्याला जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, तिथे सर्पदंशावरील लस उपलब्ध आहे का, याची फोनवर चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

जेवणाबाबत माझे मत ठाम आहे: जंगलात स्वयंपाकाचा घाट घालू नये. आपल्याकडे बाहेर जायचे म्हटले की गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी डोळ्यांपुढे येते, आणि तो आनंद गावातल्या घरच्या अंगणात, यजमानाच्या चुलीवर जरूर घ्यावा. तंबूजवळ मात्र दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि फळे एवढ्यावर दोन दिवस सहज निघतात. चहापुरता लहान गॅस न्यायचा असेल, तर आधी जागेवरील परवानगी विचारावी. रेल्वेने जाणाऱ्यांनी गॅसचे नळकांडे मुळीच घेऊ नये, गाडीत त्याला मनाई आहे. पिण्याचे आणि हात-तोंड धुण्याचे मिळून माणशी दिवसाला चार-पाच लिटर पाणी धरावे आणि ते नागपूरहूनच न्यावे. खाद्यपदार्थ तंबूत ठेवू नयेत, बंद डब्यांत घालून गाडीत ठेवावेत. उष्टे, साली, चहाची पूड हे सगळे पिशवीत भरून शहरात परत आणावे, कारण उघड्यावर टाकलेले अन्न आधी माकडांना आणि रानडुकरांना, मग त्यांच्या मागे बिबट्याला त्या जागी आणते.

रात्रीची शिस्त

वाघापेक्षा मला सापाची आणि विजेच्या तारेची काळजी जास्त वाटते.

मण्यार रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरू शकतो. त्याच्या दंशाची वेदना आणि सूज अनेकदा नगण्य असते, म्हणून माणूस उठत नाही आणि पहाटे पोटदुखी, जडावलेल्या पापण्या अशी लक्षणे दिसू लागतात. यावर उपाय सोपा आहे. तळ शिवलेला तंबू घ्यावा, त्याची चेन दिवसाही पूर्ण बंद ठेवावी, बूट आत घ्यावेत आणि सकाळी झटकून घालावेत. दंशाची नुसती शंका आली तरी रुग्णाला चालू न देता, तो अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालयात न्यावे. चिरा देणे, दोरीने करकचून बांधणे, मांत्रिकाकडे जाणे यांत लसीची मोलाची वेळ वाया जाते.

तारेचा धोका शहरातल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. धान कापणीला येतो त्या दिवसांत आणि पुढे रब्बीतही रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत बेकायदा वीजप्रवाह सोडला जातो. त्यात वन्यप्राणीही मरतात आणि माणसेही. म्हणून अंधार पडल्यावर बांधावरून किंवा शेतातून जवळची वाट धरू नये. नैसर्गिक विधीसाठीही एकट्याने दूर न जाता जागा उजेडातच ठरवून ठेवावी. शौचालय नसेल तर पाण्यापासून साठ मीटरहून दूर वीतभर खोल खड्डा करून नंतर तो बुजवावा.

तंबू लावण्यापूर्वी मान वर करून पाहावे. वाळलेली फांदी डोक्यावर असेल किंवा आग्या मोहोळ जवळपास लटकत असेल, तर जागा बदलावी. धूर आणि उग्र अत्तर यांनी मोहोळ उठते. पोहण्यासाठी पाण्यात उतरूच नये. जुन्या तलावांच्या तळाशी गाळ आणि कमळाचे वेल असतात, जलाशयांत बुडालेली झाडे आणि एकदम खोल जाणारे कडे असतात, आणि पेंच, ताडोबाच्या पाण्यात मगरीही आहेत. कितीही चांगले पोहता येत असले तरी या गोष्टींपुढे त्याचा उपयोग होत नाही.

परत आल्यावर एक काम उरते आणि ते बहुतेक जण विसरतात. गवत-झुडपांतील सूक्ष्म किड्यांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस विदर्भात आढळतो, 2018 च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात त्याचे बरेच रुग्ण निघाले होते. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकावेत, आंघोळ करून काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग नीट तपासावा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, किंवा अंगावर भाजल्यासारखा काळा खपला दिसला, तर डॉक्टरांकडे गेल्यावर जंगलात कुठे आणि कधी मुक्काम केला होता हे आपणहून सांगावे. वेळेवर निदान झाले तर साध्या गोळ्यांनी हा आजार बरा होतो.